मध्ये काही नाही

तिनं काचेच्या पेटीवर वाकून बघितलं. भिंग टेकलं होतं.

बाकी सगळं कसं छान होतं. पेटीला आतून दिवे लावले होते, तिच्या जुन्या यंत्राचे पितळी भाग घासूनपुसून असे लखलखीत केले होते की तिच्या कारकिर्दीत ते तसे कधी दिसले नव्हते. दांडी आडवी, तोल साधून, तिच्या एका टोकाला ते बोराएवढं भिंग आणि त्याच्या खाली सपाट गोल काच. शेजारी पाटी. पाटीवर तिचं नाव होतं, स्पेलिंगही बरोबर होतं. तिला खुर्ची आणून ठेवली होती, पाण्याची बाटली ठेवली होती. उद्या सकाळी मोठे पाहुणे येऊन पडदा ओढणार होते, त्याआधी बाईंनी एकदा नजर टाकावी म्हणून संस्थेच्या संचालकांनी गाडी पाठवली होती, आणि लेकीनं रजा टाकून तिला हाताला धरून आणलं होतं. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता बाईंचे डोळे भरून येणार, अशी सगळ्यांची तयारी होती. तिनं पर्समधून वर्तमानपत्र वाचायचं भिंग काढलं, पेटीच्या काचेला नाक लावलं, लेकीला म्हणाली, "तुझ्या मोबाइलचा दिवा मार गं इथे, तिरका." लेकीनं मारला. भिंगाच्या पोटाशी रंगांची बारीक बारीक वर्तुळं उमटली, एकात एक, आणि त्यांच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका होता.

"कसं वाटतंय, बाई?" संचालकांनी विचारलं.

"टेकलंय."

"काय?"

"भिंग. खालच्या काचेला टेकलंय. कोणी टेकवलं?"

संचालक हसले. हा संचालक म्हणजे तिचाच विद्यार्थी. आता डोक्यावरचे केस गेले होते, पोट सुटलं होतं, लोक त्याच्यासाठी दारं उघडून धरत होते. पण ती त्याला मनातल्या मनात अजून शिंक्याच म्हणायची. तळघरातल्या त्या खोलीत, आठवडाभर यंत्र शांत होऊ दिल्यावर, पहिलं माप घ्यायच्या क्षणाला हा शिंकला होता. नुसता शिंकला नाही, लागोपाठ तीनदा शिंकला. भिंगानं झेप घेतली आणि खालच्या काचेला जाऊन चिकटलं. नवीन काच घासून तयार होईपर्यंत पोरगं तिच्यासमोर उभं राहायला घाबरत होतं. "बाई, तो सजावटवाला आहे ना, त्यानं स्क्रू आवळला असेल," तो आता म्हणाला. "पॉलिश करून ट्रकमधून परत आणताना खडखडू नये म्हणून. पण असं दिसतं पण छान, नाही का? नाहीतर अधांतरी लटकल्यासारखं वाटलं असतं."

अधांतरीच होतं रे ते, ती म्हणणार होती. पण तेवढ्यात तिची नजर पेटीमागच्या फलकावर गेली. तिथे फोटो होता. ती आणि खडू. शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून. असा फोटो कोणी कधी काढलेलाच नव्हता. दोन वेगवेगळे फोटो कापून कोणीतरी एकमेकांना चिकटवले होते आणि जोड दिसू नये म्हणून खडूचा डावा खांदा अर्धा छाटला होता. ती कुठल्याशा समारंभात बसलेली, तो कुठल्याशा फळ्यासमोर उभा. आता दोघंही एकाच निळसर धुक्यात, एकाच दिशेला बघत हसत होती. नवरा-बायकोच्या लग्नाच्या पन्नाशीचा फोटो असतो तसा.

खडू म्हणजे तिच्याबरोबर काम करणारा गणिती. खडू हे नाव तिनंच ठेवलं होतं, आणि त्याला ठाऊक होतं. त्याच्या प्रत्येक खिशात खडूचे तुकडे असायचे, बाहीला पांढरं, भुवईला पांढरं, चालला की मागे पीठ सांडल्यासारखा माग. आणि तिच्या खोलीचा पहिला शत्रू धूळ. केसाच्या जाडीचे हजार भाग करावेत आणि त्यातले दोन-तीन भाग एवढीच फट दोन काचांमध्ये ठेवायची, तिथे खडूचा एक कण म्हणजे दारात डोंगर आणून ठेवल्यासारखं. म्हणून तिनं पहिल्याच दिवशी नियम केला होता: खडूवाले दाराबाहेर. तो बाहेर, तळघराच्या बोळात, लाकडी स्टुलावर बसायचा, मांडीवर कागद. ती आत, तोंडाला फडकं बांधून, श्वास रोखून, दुर्बिणीसारख्या नळीला डोळा लावून. ती आकडा सांगायची, तो त्याचा आकडा सांगायचा. किती वर्षं? मोजायची गरज तिला कधी वाटली नाही. पंप घुमत असायचा, म्हणून मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि मोठ्यानं बोलायचं म्हणून फक्त कामाचंच बोलायचं. तरी किती बोलणं झालं! त्याच्या आईचं आजारपण, तिच्या लेकीचे दात, पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल, सगळं आकड्यांच्या फटीफटीतून. त्याचा चेहरा तिला नीट आठवत नाही. आवाज आठवतो, बोळातून घुमत येणारा, किंचित उशिरा.

आणि वर, जिन्याच्या वर, चहाच्या टेबलाशी लोक म्हणायचे, त्यांच्यात काहीतरी आहे.

काहीतरी आहे! तिला अजून त्या शब्दाची गंमत वाटते, आणि संतापही येतो. सगळा जन्म तिनं मध्ये काही नाही याची खात्री करण्यात घालवला. हवा काढून टाकली. वीजभार काढून टाकला. धूळ, ओल, कंपनं, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या, कोणाच्या तरी सँडलची टाच, सगळं एकेक करून हुसकावून लावलं. भिंग वर, काच खाली, मध्ये काही म्हणजे काही नाही. आणि तरीही दांडी झुकते. तसूभर नाही, तसूच्या कुठल्याशा नाव नसलेल्या तुकड्याएवढी, पण झुकते. ओढ असते. विभागप्रमुख म्हणायचे, बाई, ओढ नका लिहू, आकर्षण लिहा. तिनं एकदा वर्गात आकर्षण म्हटलं तर मागच्या बाकावर खसखस पिकली. तेव्हापासून ती हट्टानं ओढच म्हणायची. दूर पल्ल्याची ओढ. नवऱ्याला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "दूर पल्ला म्हणजे केवढा?" त्यानं विचारलं. तिनं केसाचे हजार भाग सांगितले, त्यातले चार-पाच म्हणजे फार लांब. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "मग तुमच्यात जवळचं कशाला म्हणतात गं?"

"आई, पाणी देऊ का?" लेक म्हणाली.

"पाणी नको. ही पेटी उघडायला सांग."

संचालकांनी घड्याळाकडे बघितलं, मग सजावटवाल्याकडे. सजावटवाला हसतमुख तरुण होता, त्याच्या गळ्यात फीत आणि कानात तार. तो म्हणाला, "आजी, ती सील केलीय. आत धूळ जाऊ नये म्हणून."

"आता जपताय धुळीला. टेकल्यावर."

"बाई," शिंक्या तिच्या जवळ आला आणि आवाज उतरवून, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं, एकेक शब्द सोडवून म्हणाला, "कोणाला दिसणार आहे का सांगा बरं ते? एवढीशी फट. पाहुणे येतील, फोटो काढतील, जातील. साध्या डोळ्यांना टेकलेलं आणि न टेकलेलं सारखंच दिसतं."

"मला दिसतंय."

"तुम्हाला."

"मग? मी कोणात जमा नाही?"

लेकीनं तिचं कोपर हलकेच दाबलं. "आई, जाऊ दे ना. किती प्रेमानं केलंय त्यांनी सगळं."

जाऊ दे. या वयात माणसाला दिवसातून किती वेळा जाऊ दे म्हणतात, आणि किती मायेनं! दूधवाला पातळ दूध देतो, जाऊ दे. डॉक्टर तिच्याशी न बोलता लेकीशी बोलतात, जाऊ दे. ऐकू येत नाही असं धरून लोक तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलतात, जाऊ दे. तीही म्हणत आली होती. गुडघा दुखायला लागल्यावर जिना सोडला, डोळे अधू झाल्यावर विणकाम सोडलं, एकेक गोष्ट हातातून सुटत गेली आणि ती सोडत गेली, कटकट न करता. लोक म्हणतात, आजी किती समजूतदार. पण समजूतदारपणालाही तळ असतो, आणि तो आज, या घासूनपुसून ठेवलेल्या पितळेपाशी, तिच्या पायाला लागला होता. घर, दागिने, वाढदिवस, काय हवं ते घ्या. ही फट नाही. ही एवढी एकच गोष्ट तिनं जन्मभर उघडी ठेवली होती.

"जाऊ देणार नाही," ती म्हणाली. "सील तोडा."

आवाज चढला होता. पंपाच्या वर जाणारा, तळघरातला आवाज. दालनाच्या दुसऱ्या टोकाला पडदा टांगणारी माणसं शिडीवरून वळून बघायला लागली. शिंक्याच्या कपाळावर घाम आला. तो एवढा मोठा संचालक, पण त्या आवाजासरशी त्याचा हात नाकाकडे गेला. तिनं ते बघितलं आणि तिला आतल्या आत हसू फुटलं.

"अरे, किल्ली आण," तो सजावटवाल्याला म्हणाला. "आण म्हणतो ना."

किल्ली शोधायला माणूस गेला. ती खुर्चीवर बसली. लेक शेजारी उकिडवी बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून, लहानपणी बसायची तशी. आता तिच्याही केसांत पांढरं होतं. ती फलकावरच्या फोटोकडे बघत होती. "आई," ती अगदी हळू म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस." आणि तिनं विचारण्याआधीच आईला कळलं काय येतंय ते. असं कळतं. वस्तू जवळ आली की दांडी आधीच झुकायला लागते.

"बाबा मला घेऊन संध्याकाळी इथे यायचे, आठवतंय तुला? फाटकात नाही, समोरच्या फुटपाथवर उभे राहायचे. मी म्हणायची, आपण आत जाऊ या ना. ते म्हणायचे, आतमध्ये धूळ चालत नाही. मला शेंगदाण्याची पुडी घेऊन द्यायचे आणि उभे राहायचे. मला पाय दुखेपर्यंत." तिनं फलकावरच्या फोटोकडे बोट केलं. "तुमच्यात काही होतं का?"

रस्त्याच्या पलीकडे उभा असलेला तो माणूस. ओझं नसतानाही एका खांद्यानं जरा झुकलेला. त्याच्या कचेरीत कोणीतरी त्याला टोमणा मारला होता, आणि त्या रात्री जेवण झाल्यावर ताट तसंच ठेवून तो म्हणाला होता, "लोक म्हणतात तुमच्यात काहीतरी आहे." ती भांडी आवरत होती. तिनं वळूनही न बघता सांगितलं होतं, "अहो, लोकांना विचारा, किती अंतरावरून बघितलं?" तो हसला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून फुटपाथवर येऊन उभा राहायला लागला. कधी आत आला नाही, कधी पुन्हा विचारलं नाही, एकदाही. ती बाहेर आली की लेकीचा हात तिच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, "आज किती झुकली?" आणि ती सांगायची. त्याला त्यातलं फार कळायचं नाही. पण आकडा ऐकल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही. त्याचंही एक अंतर होतं, आणि त्यानं ते इमानानं राखलं. त्याला कोणी पेटीत ठेवलं नाही.

आणि खडू? खडूचं म्हणणं असं की दोन वस्तू एकमेकींना सारखे निरोप धाडत असतात. जवळ असल्या तर सवाल-जबाब चटचट होतात. लांब गेल्या की निरोप पोचायला वेळ लागतो. उत्तर येईपर्यंत विचारणारा मूळचा राहिलेला नसतो, दुसऱ्याच विचारात गेलेला असतो. म्हणून लांबवर ओढ भराभर कमी होते. "पण संपत नाही, बाई," तो बोळातून ओरडायचा. "माझ्या हिशेबात ती कुठेच संपत नाही. तुम्ही मोजा." प्रमुख म्हणायचे, तेवढ्या लांब काही उरत नाही, उगाच यंत्राला शिणवू नका. ती मोजत राहिली. आणि एका दुपारी ते झालं. सगळ्यात लांबचं माप, दांडी हलू नये म्हणून पंपही बंद ठेवून. ती आकडा सांगत गेली, बाहेर पेन्सिल कागदावर सरकत गेली, आणि मग पेन्सिल थांबली: दोघांचे आकडे जुळले होते. मग स्टूल सरकल्याचं ऐकू आलं. तिनं माप पुन्हा एकदा तपासलं आणि मग नळीवरून डोळा काढला. तो उंबऱ्याशी आला होता. त्यानं कोट काढून स्टुलावर ठेवला होता. खिसे उलटे करून ओढून काढले होते, दोन्ही बाजूंना कानांसारखे लोंबत होते. चपला काढल्या होत्या. हात धुऊन आला होता, बोटांवरून पाणी ठिबकत होतं. एवढा स्वच्छ खडू तिनं कधी बघितला नव्हता. त्याच्या अंगावर खडूचा एक कण नव्हता, नियमात बसत नाही असं आता काही उरलं नव्हतं. त्याचा पाय उंबऱ्यावर होता.

"तिथेच थांबा," ती म्हणाली होती.

तो थांबला. तिनं नळीला डोळा लावला आणि पुढचं माप सांगितलं. थोड्या वेळानं बाहेर पेन्सिल पुन्हा चालू झाली. पुढे तो दुसऱ्या शहरात नोकरीला गेला, तिकडेच राहिला; तो वारल्याची बातमी तिला कळली तेव्हा त्याला जाऊन महिना होऊन गेला होता. निरोप उशिरा आला. तिनं त्या दिवशी स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, आणि संध्याकाळी लक्षात आलं की आपण दिवसभर मोठ्यानं बोलतोय, पंप चालू असल्यासारखं.

हळहळ? नाही. लोकांना म्हाताऱ्या बाईकडून हळहळच हवी असते. एक तर काहीतरी होतं म्हणून डोळे पुसा, नाहीतर काही नव्हतं म्हणून हात झटका. या दोन्हीत ती मावत नव्हती आणि मावून घ्यायची तिची तयारी नव्हती. ती तिथेच थांबा म्हणाली ते घाबरून नव्हे, लाजून नव्हे, नवऱ्याच्या धाकानं तर मुळीच नव्हे. टेकलं की माप संपतं. दोन काचा चिकटल्या की त्या नुसत्या दोन चिकटलेल्या काचा असतात, मधोमध काळा ठिपका. मग तिथे बघण्यासारखं काही राहत नाही.

किल्ली आली. सजावटवाल्यानं सील कापलं, पेटीची काच दोघांनी धरून उचलली. ती उठली. लेक हात द्यायला आली, तो तिनं बाजूला केला. आवळायचा स्क्रू दांडीच्या बुडाशी होता, पितळी डोक्याचा, आणि तिची बोटं वाकडी झाली असली तरी त्या स्क्रूच्या डोक्यावरचे दाते त्यांना ओळखीचे निघाले. तो घट्ट बसला होता. "मी काढू का?" शिंक्यानं विचारलं.

"तू लांब उभा राहा. तोंडावर रुमाल धर."

त्यानं खरोखरच धरला. स्क्रू कुरकुरला, आणि सुटला. तिनं तो पूर्ण काढून घेतला. मग बारीक स्क्रू, वर उचलायचा. त्याला लांब दांडा होता. दांडा एवढा फिरवला तर भिंग नाव नसल्याएवढं हलायचं. तिनं श्वास रोखला. छातीत धडधड होत होती, तिनं तिला थांबवलं नाही, दोन ठोक्यांच्या मध्ये हात हलवायचा हे तिचं जुनंच होतं. भिंग सुटायला तयार नव्हतं. एकदा टेकलं की सहजी सोडत नाहीत. थोडं अजून. थोडं अजून. आणि मग दांडीनं अंग झटकलं, हेलकावे घेतले आणि हळूहळू निवत गेली. तिनं ती पुन्हा खाली आणली, केसाच्या हजार भागांकडे, डोळ्याला भिंग लावून, बाहेरून आत गोळा होत येणारी वर्तुळं बघत बघत.

"ये," ती लेकीला म्हणाली. "दिवा तिरका धर. मधोमध बघ. काळं आहे?"

लेक वाकली. तिचा गाल आईच्या गालाजवळ आला, तिचा उष्ण श्वास आईला जाणवला. "नाही," ती म्हणाली. "उजळलंय. अगं, केवढं उजळलंय!"

"मध्ये काय आहे?"

लेकीनं बराच वेळ बघितलं. "काही नाही."

"मग तेच होतं," आई म्हणाली. "आणि बाबांना माहीत होतं. रोज आकडा विचारत होते ते."

लेकीनं पुन्हा डोळा काचेजवळ नेला. ती वाकलेलीच राहिली, दिवा धरून. दिवा हलला की आतली वर्तुळं हलायची.

शिंक्यानं रुमाल खाली घेतला. "बाई, आता ऐका. इथे खालून गाड्या जातात, जमीन हलते. उद्या एवढी माणसं येणार. सकाळपर्यंत ते पुन्हा टेकणार, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो स्क्रू द्या, मी हे आहे तसंच आवळून ठेवतो."

"आवळलंस की टेकेल."

"नाही आवळलं तरी टेकेल."

"टेकू दे. आपल्या ओढीनं टेकलं तर टेकू दे, माझं काही म्हणणं नाही." तिनं पर्सची चेन उघडली, चष्म्याच्या घराशेजारी स्क्रू टाकला आणि चेन लावली. "पण तुम्ही टेकवायचं नाही. आणि तो फोटो मधोमध कापा. त्यांचा खांदा त्यांना परत द्या."

"उद्या कार्यक्रम आहे, बाई!"

"माहीत आहे. मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे, हे घेऊन," तिनं पर्सवर थाप मारली, आतून पितळ वाजलं. "पाहुण्यांनी विचारलं, मध्ये काय आहे, तर माझ्याकडे पाठव."